डिस्क घ्यायची तर आधी काट्यावर ठेवा

गेल्या महिन्याभरात चार जणांनी मला जवळजवळ एकच फोटो पाठवलाय. चकचकीत ब्रेक डिस्क, म्हणजे चाकामागे फिरणारं लोखंडी ताट, तिला भोकं पाडलेली, वरून तिरक्या चरा मारलेल्या, आणि खाली प्रश्न, "भावा हे घेऊ का, गाडी फास्ट आहे, ब्रेक पण तसेच पाहिजेत ना." प्रश्न बरोबर आहे. टर्बो पेट्रोल गाड्या आता साताऱ्यात पण गल्लोगल्ली झाल्यात, कुणाकडे जुनी पोलो जीटी आहे, कुणी व्हर्टस घेतलीय, कुणाकडे आय ट्वेंटी एन लाईन, एखाद्याकडे ऑक्टाव्हिया, त्यात बऱ्याच जणांनी रिमॅप मारलेला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली, त्यामुळे गाडी कंपनीने दिली त्यापेक्षा जोरात पळतीय आणि ब्रेक मात्र तेच. मग कधीतरी डिस्क बदलायची वेळ येते आणि माणूस म्हणतो आता बदलायचीच आहे तर भारीतली टाकू. भारीतली म्हणजे नक्की काय ते सांगायला हे लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि केली तेव्हा गाडीत माझी आई आणि माझा पोरगा होता.

दोन वर्षं झाली त्याला. पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरत होतो, रविवारची संध्याकाळ, पुढे टुरिस्ट गाड्यांची रांग, त्यामुळे वेग कमी पण पाय सारखा ब्रेकवर. गाडी ऑटोमॅटिक, डी मध्येच टाकलेली. डिस्क दीड महिन्यापूर्वी ऑनलाईन मागवून बसवलेल्या, भोकंवाल्या. खाली धोमचं पाणी दिसायला लागतं तिथपर्यंत सगळं ठीक होतं, मग जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या बसचा असेल, मग पेडल दर वळणाला जरा जरा खोल जायला लागलं आणि एका वळणावर जवळजवळ मॅटला टेकलं. दोन-तीनदा पटापट पंप मारला, गिअर हाताने खाली ओढला आणि गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. आई काही बोलली नाही, फक्त पोराला मांडीवर ओढून घेतलं तिने. चाळीस मिनिटं तिथेच बसलो आणि मग पेडल आपोआप परत आलं.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, डिस्क गाडी थांबवत नाही. गाडी थांबवतो टायर. रस्ता आणि रबर यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच गाडी थांबणार, एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागायला लागलं म्हणजे तुमचे ब्रेक टायरपेक्षा जास्त ताकदीचे आहेत, तिथे डिस्क कितीही भारी टाकली तरी अंतर कमी होणार नाही. हंगामात रात्रीच्या वेळी लाईट नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते ना, तो एकच जोरात ब्रेक, त्यात काम येतात ते चांगले टायर आणि थंड असताना चावणारे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून घासणारे तुकडे. डिस्कचं काम वेगळं आहे. डिस्क उष्णता पोटात घेते आणि हळूहळू हवेत सोडते. म्हणून डिस्क निवडताना एकच प्रश्न विचारायचा, ही किती उष्णता झेलते आणि ती झेलत असताना सरळ राहते का.

आता किती उष्णता, ते जरा आकड्यात बघू, शाळेतलंच गणित आहे. गाडी माणसांसकट १४०० किलो धरा. ताशी १०० वरून शून्यावर आणली तर साधारण ५४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन चाकांवर येतो कारण ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते. पुढची एक डिस्क सात किलोची असेल तर एका ब्रेकला ती पन्नास-पंचावन्न अंशांनी तापते. म्हणजे एकदा थांबलात तर काहीच नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ५० च्या वेगाला जेवढी उष्णता त्याच्या चौपट १०० ला, त्यामुळे रिमॅप करून ज्याचा रोजचा वेग वाढलाय त्याच्या डिस्कवरचा भार त्याला वाटतो त्यापेक्षा लय जास्त वाढलेला असतो.

घाटाचं गणित अजून वेगळं. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. १४०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे ७५ लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. म्हणजे १०० वरून पूर्ण थांबणं असं चौदा वेळा, दहा-बारा किलोमीटरच्या आत. अजून जवळचं सांगतो, पूर्वी घराघरात तांब्याचा बंब असायचा ना, साधारण २४ लिटर गार पाणी त्यात भरून उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही उष्णता. यातली काही हवा खाते, काही इंजिन खातं जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर, आणि उरलेली सगळी चार चाकांतल्या लोखंडात. मी त्या दिवशी डी मध्ये ठेवून इंजिनला जवळजवळ सुट्टीच दिली होती. नंतर एक टेम्परेचर गन घेतली, कोरोनात कपाळाला लावायचे ती नाही, ती शरीराच्या तापापुरतीच असते, कारखान्यात वापरतात ती. तोच घाट तशाच गर्दीत डी मध्ये उतरलो तर खाली पुढच्या डिस्क २६० च्या आसपास, आणि हाताने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून उतरलो तर दीडशेच्या आत. चकचकीत धातूवर ही गन कमीच दाखवते, म्हणजे खरा आकडा याच्या वरच असणार. गिअरचा एवढा फरक पडतो आणि त्याला एक रुपया लागत नाही, म्हणून डिस्कच्या आधी हे सांगितलं.

डिस्क बनते कशाची, तर बिडाची. आपला बिडाचा तवा असतो ना तेच कुळ. आपल्या भागाला बीड काही नवं नाही, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचवले, आणि आज कोल्हापूरच्या फौंड्र्यांमधून गाड्यांचे किती पार्ट ओतून बाहेर पडतात ते वेगळं सांगायला नको. डिस्कसाठी स्टील का नाही, बीडच का, तर बिडात कार्बन जास्त असतो आणि तो ग्राफाईटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता पटकन आतपर्यंत नेतात आणि आवाज-थरथर पण गिळतात, म्हणून बिडावर हातोडी मारली तर टण्ण वाजत नाही, ठप्प वाजतं. हाय कार्बन म्हणून ज्या डिस्क मिळतात त्यात हाच कार्बन थोडा वाढवलेला असतो, त्या उष्णतेचे झटके जास्त सोसतात आणि तडा जायला जास्त वेळ घेतात. माझ्या मते रस्त्यावरच्या फास्ट गाडीसाठी पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला, भोकांवर नाही.

आणि तव्याचंच उदाहरण पुढे नेतो. पातळ पत्र्याचा तवा पटकन तापतो आणि भाकरी करपते, जाड बिडाचा तवा तापायला वेळ घेतो पण एकसारखा तापतो. डिस्कला आपल्याला जाड तवा पाहिजे. म्हणजे वजन पाहिजे. इथेच माझी फसगत झाली होती.

पसरणीच्या त्या प्रकारानंतर मंगळवारी गाडी एमआयडीसीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री साठीच्या पुढचे, त्यांनी डिस्क काढून हातात घेतली, वर-खाली करून बघितली आणि म्हणाले, "आरं हिला भोकं पाडल्यात किती, लोखंड कुठाय?" मग कोपऱ्यातनं माझीच जुनी झिजलेली कंपनीची डिस्क शोधून काढली आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर दोन्ही एकामागून एक ठेवल्या. जुनी, पार झिजून बदललेली डिस्क, ६ किलो १०० ग्रॅम. दीड महिना वापरलेली नवी भोकंवाली, ५ किलो ६००. मी नुसता बघत राहिलो. पुढच्या आठवड्यात पुण्याहून कंपनीच्या मापाची हाय कार्बन डिस्क मागवली, ती भरली ६ किलो ९००. माप तेच, व्यास तोच, जाडी तीच, आणि वजनात एक किलो तीनशेचा फरक. तेवढीच उष्णता कमी लोखंडात गेली की तापमान जवळजवळ पाव पट जास्त चढणार, साधा हिशोब आहे.

एवढा फरक नुसत्या भोकांनी पडत नाही. पुढची डिस्क बहुतेक गाड्यांना व्हेंटिलेटेड असते, म्हणजे दोन ताटं आणि मधे पाती, सँडविचसारखं. चाक फिरलं की मधून हवा ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते, पंखाच आहे तो. स्वस्त डिस्कमध्ये ही ताटं पातळ असतात. मिस्त्रींनी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला तर एका बाजूचं ताट सात मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूचं साडेपाच. ओतताना मधला वाळूचा गाभा सरकला की असं होतं, बाहेरून रंग मारला की कळत पण नाही. मग एक बाजू जास्त तापते, जास्त फुगते आणि डिस्क परातीसारखी वाकते. त्यामुळे डिस्क घेताना कडेने बघा, चारही बाजूंनी दोन्ही ताटं सारखी जाड आहेत का, पाती पूर्ण आहेत का, आत ओतकामाचा चुरा अडकलाय का. दुकानदार काटा आणि व्हर्नियर लावू देत नसेल तर तिथून घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

आता भोकांकडे येतो. भोकं आली कुठून, तर जुन्या काळचे पॅड तापले की त्यातून गॅस निघायचा आणि तो पॅड आणि डिस्कच्या मधे अडकायचा, त्याला वाट म्हणून भोकं. आताच्या चांगल्या पॅडमध्ये तो त्रास फार कमी आहे. भोकांनी पावसात पाणी थोडं लवकर निघतं हे खरं आहे, डिस्क थोडी हलकी होते, आणि दिसायला छान दिसते हे पण खरं. पोर्शेसारख्या कंपन्या भोकंवाल्या देतात, पण त्या डिस्क मुळातच गाडीच्या गरजेपेक्षा मोठ्या असतात आणि भोकांची जागा, कडा, सगळं विचार करून केलेलं असतं. बाजारात मिळतं ते साध्या डिस्कला ड्रिल मारून भोकं पाडलेलं. प्रत्येक भोकाच्या कडेला ताण गोळा होतो, डिस्क तापते-निवते, तापते-निवते आणि तिथूनच केसासारखी चीर निघते. माझ्या डिस्कवर दीड महिन्यात तीन भोकांना चिरा होत्या, नखाला लागत होत्या. आणि आपल्याकडची अजून एक गोष्ट, कास-बामणोलीकडे पावसाळ्यात जाऊन या, जांभ्याचा तांबडा चिखल त्या भोकांत जाऊन असा बसतो की टाचणीने कोरून काढावा लागतो.

चरावाल्या म्हणजे स्लॉटेड डिस्क त्यापेक्षा बऱ्या. चर आरपार नसते, लोखंड कमी जात नाही, आणि ती पॅडचा वरचा करपलेला थर खरवडत राहते, पावसात पहिला चावा पण चांगला येतो. बदल्यात पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक मारला की घर्रर्र असा आवाज येतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर घ्याव्यात. रोज सातारा-पुणे आणि महिन्यातून दोनदा घाट असं ज्याचं आहे त्याला साधी, सपाट, जड, हाय कार्बन डिस्क हीच सगळ्यात योग्य आहे. साधी म्हणजे हलक्या दर्जाची असा जो समज झालाय तो डोक्यातून काढा.

चरांवरून एक वाद कायम होतो, चरा कुठल्या दिशेला पाहिजेत. चरांच्या दिशेने डिस्क डावी-उजवी ठरत नाही, आतल्या पात्यांच्या दिशेने ठरते. पाती सरळ असतील तर कुठेही बसवा. पाती वक्र असतील तर डाव्या आणि उजव्या चाकाची डिस्क वेगळी येते, आणि बसवल्यावर वरच्या भागात बघितलं तर पाती आतून बाहेर जाताना गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेली दिसली पाहिजेत. उलटी बसवली तर पंखा उलटा फिरल्यासारखं होतं, हवा नीट फेकली जात नाही. हे बसवणाऱ्या पोराला माहीत असेलच असं धरून चालू नका, स्वतः वाकून बघा.

मोठी डिस्क टाकावी का. मोठ्या व्यासाने दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे लोखंड जास्त, आणि दुसरी म्हणजे लांब पान्याने नट सोपा सुटतो तसं तेवढ्याच दाबात ब्रेक जास्त लागतो. पण कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीचा, ब्रॅकेट बदलावा लागतो, रिममध्ये जागा लागते, चाकाचं वजन वाढतं. आणि मुख्य म्हणजे बॅलन्स. आपल्याकडच्या कितीतरी टर्बो गाड्यांना मागे अजून डिस्क नाही, ड्रम ब्रेकच आहेत, पोलो जीटीला होते, व्हर्टसला पण आहेत. फक्त पुढचे ब्रेक खूप ताकदवान केले की पुढची चाकं आधी एबीएसला जातात आणि मागची चाकं त्यांच्या वाट्याचं काम पूर्ण करत नाहीत, कधी कधी थांबायचं अंतर उलट वाढतं. त्यामुळे करायचंच असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या इंजिनला कंपनी जी मोठी डिस्क देते ती कॅलिपर-ब्रॅकेटसकट घ्या, तिचं गणित कंपनीने केलेलं असतं.

टू पीस डिस्क, म्हणजे मधली टोपी ॲल्युमिनियमची आणि बाहेरचं कडं बिडाचं, ही खरंच चांगली कल्पना आहे. ३०० मिलिमीटरची डिस्क ५०० अंशांनी तापली तर व्यास दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढतो. एकसंध डिस्कमध्ये मधली थंड टोपी तिला धरून ठेवते म्हणून ती एका बाजूला कलते, टू पीसमध्ये कड्याला फुगायला मोकळीक असते. पण किंमत बघता ट्रॅकवाल्यांसाठी. कार्बन सिरॅमिक डिस्क तर बिडाच्या निम्म्या वजनाच्या आसपास असतात, पोर्शेने २००१ च्या जीटी टू पासून दिल्या, पण आपला तो विषयच नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथे आहे ते, वॉबलिंग. ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं, आणि गॅरेजवाला सांगतो डिस्क बेंड झाली, बदला. बहुतेक वेळा डिस्क बेंड झालेली नसते. होतं काय, तर डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्याला बोल्टने बसतं त्या भागावर, बसवताना हबवरचा गंज नीट घासलेला नसतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीच्या हबवर गंजाच्या खपल्या असणारच. कागदाएवढी खपली खाली राहिली तरी डिस्क बाहेरच्या कडेला डुलते. ०.०५ मिलिमीटरपर्यंत डुलणं ठीक धरतात, काही कंपन्या ०.१ पर्यंत चालवून घेतात, त्यावर गेलं की दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला हलका घासत राहतो, तुम्ही ब्रेक मारलेला नसताना पण. हजारो किलोमीटर असं झालं की त्या जागी डिस्क पातळ होते नाहीतर पॅडचा थर चिकटून जाड होते. जाडीतला ०.०२ मिलिमीटरचा फरक पण पायाला जाणवतो. म्हणून नवी डिस्क सुरुवातीला मस्त चालते आणि चार-पाच हजार किलोमीटरनंतर थरथर चालू होते, आणि दोष डिस्कला जातो.

दुसरं कारण आपणच घडवतो. हायवेला जोरात येऊन आनेवाडी टोलनाक्यावर कचकन ब्रेक मारायचा आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून रांगेत उभं राहायचं. पॅडचा शिक्का त्याच जागी उमटतो. तो भाग नंतर जास्त तापतो, आणि साडेसहाशे-सातशे अंशांच्या वर गेला तर बिडात कडक गाठी तयार होतात, त्या लेथला लावून घासल्या तरी खोलवर राहतात आणि थरथर परत येते. जोरात ब्रेक मारून थांबलात तर पाय सोडा, हॅण्डब्रेकवर उभी करा, नाहीतर थोडं थोडं पुढे सरकू द्या. आणि घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरला जाऊन तापलेल्या चाकावर गार पाण्याचा फवारा मारू नका, तापल्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी बघितलंय.

लेथला लावून फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, घेऊ का असं पण विचारतात. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो, मिन टीएच असं लिहून. फेसिंगनंतर जाडी त्या आकड्याच्या काठावर येणार असेल तर मारू नका, कारण परत तेच, लोखंड कमी झालं, वजन कमी झालं.

पॅडबद्दल थोडक्यात, नाहीतर हा वेगळाच लेख होईल. रेसिंगचे पॅड रस्त्यावर टाकू नका, ते तापल्याशिवाय चावत नाहीत आणि थंड असताना डिस्क खातात. चांगल्या कंपनीचे फास्ट रोड दर्जाचे पॅड घ्या, नव्या डिस्कवर नवेच पॅड, आणि दोन्ही चाकांना एकदम.

ब्रेक ऑईल मात्र थोडक्यात उरकता येणार नाही, कारण त्या दिवशी पसरणीत माझं तेच उकळलं होतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट हे त्याचे दर्जे, नवं डॉट थ्री २०५ अंशांना उकळतं, डॉट फोर २३० ला, डॉट फाईव्ह पॉईंट वन २६० ला, हे कमीत कमी आकडे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं आणि गार झालं की परत येतं. माझं ऑईल चार वर्षं बदललेलं नव्हतं, डिस्क हलक्या, गाडी डी मध्ये, तिन्ही गोष्टी एकाच वळणावर भेटल्या. पॅड तापून निकामी होतात तेव्हा लक्षण वेगळं असतं, पेडल दगडासारखं कडक राहतं पण गाडी थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, घाटात कळतं की आपलं काय चुकतंय. ऑईल दर दोन वर्षांनी बदला, आणि नुसत्या डॉट फाईव्हच्या वाटेला जाऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यात मिसळत नाही.

बसवताना मी समोर उभा राहतो आणि मिस्त्रींना पण ते आवडतं. हब तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने घासून उघडं लोखंड दिसेपर्यंत साफ, बोल्टच्या भोवतीचं पण. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. कॅलिपर काढला की तारेने बांधून ठेवायचा, होजवर, म्हणजे त्याच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही. कॅलिपरच्या पिना बोटाने सरकल्या पाहिजेत, त्यांना ब्रेकचंच ग्रीस, साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. मग डायल गेज, म्हणजे डुलणं मोजायचं घड्याळ, लावून डिस्क हाताने फिरवायची. माझी पहिल्यांदा ०.०९ दाखवत होती, मिस्त्रींनी डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून बसवली, ०.०७, अजून एक पुढे, ०.०३, म्हणाले "आता बसली बघ." जिथे डिस्कला जागा ठरवणारा स्क्रू असतो तिथे हे करता येत नाही, तिथे हबची सफाईच कामाला येते. चाकाचे नट एअर गनने कचाकच आवळू देऊ नका, समोरासमोरचे आळीपाळीने, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, तो जोर बऱ्याच गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा पुस्तकात बघा.

मग बेडिंग. नव्या पॅडचा पातळ एकसारखा थर डिस्कवर चढवायचा असतो, हे केलं नाही तर चांगल्या डिस्कचा पण उपयोग नाही. मी पहाटे साडेपाचला रहिमतपूर रोडला गेलो होतो, रस्ता मोकळा, मागे कुणी नाही ते बघून. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ६० ला न्यायची, मधे अर्धा मिनिट हवा लागू द्यायची, असं आठ-दहा वेळा. मग ८० वरून २० पर्यंत जरा जोरात, चार-पाच वेळा. वास येतो, थोडा धूर पण दिसतो, घाबरू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता सावकाश चालवायची आणि गार होऊ द्यायची. डिस्कवर एकसारखा निळसर-करडा थर दिसला की झालं. पट्टे दिसले किंवा एकाच जागी डाग दिसला तर ते सगळं परत एकदा करायचं. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा टॉर्क पान्याने तपासायचे, आणि त्याच वेळी चाकाच्या जाळीतून डिस्कवर टॉर्च मारून दोन्ही बाजूंचा थर सारखा आहे का ते बघायचं.